वहीतलं पर्यावरण

बसा खाली. आणि हसू नका. पर्यावरणाच्या निबंधात पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्यांनी आज विशेष लक्ष द्या. मेहकरहून येणाऱ्या एसटीतून उतरताना "रिमोल्डचे टायर, भंगार गाडी!" असं कोण म्हणालं, ते मी ऐकलंय.

अरे शहाण्यांनो, एसटी महामंडळ टायरवर नवं रबर चढवायचे स्वतःचे कारखाने चालवतं. टायरची झिजते ती वरची नक्षी, आतला सांगाडा शाबूत असतो. तो तपासायचा, घासायचा, नवं रबर चढवून उष्णतेनं पक्कं करायचं. सांगाडा फाटका निघाला तर टायर बाद. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या चासीवर नवी बॉडी बांधतात. तुम्ही नाक मुरडता, त्याच गाडीनं साखरखेर्ड्याला येता!

शेतातली सबमर्सिबल जळाली की वडील म्हणतात, "भरून आणू." तुम्ही म्हणता, "फेका ती, नवीच घ्या." जळालं काय? वायंडिंग. बॉडी आणि शाफ्ट धडधाकट. ते घडवायला लागलेलं लोखंड, कोळसा, वीज, सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर घालायला निघालात. का, तर जुनी मोटार वापरली की लोक हसतील!

पण भरलेली मोटार म्हणजे नवी, असं डोळे झाकून मानणाराही मूर्खच. जळकी तार काढताना स्टेटर होरपळला, तर मोटार वीज जास्त खाते. बुश-बेअरिंग न बघता वरून रंग मारला, ती फसवणूक. पुनर्निर्मिती म्हणजे वस्तू पूर्ण सुटी करायची, धुवायची, एकेक भाग मापायचा, झिजलेला बदलायचा, जोडून चाचणी घ्यायची आणि गॅरंटी लिहून द्यायची. कमिन्ससारख्या कंपन्या जुनी इंजिनं परत घेऊन हेच करतात.

त्यासाठी जुना माल परत यावा लागतो, आणि तो तुमच्या माळ्यावर धूळ खात पडलाय. बंद मोबाइल, जळका मिक्सर, फुटका टीव्ही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत कंपन्यांवर जबाबदारी आहे. तुमची जबाबदारी कोण घेणार? सरकार? की मी?

गिऱ्हाईकच "नवं कोरं द्या" म्हणत बसलं, तर कुठला कारखानदार जुनं परत घेऊन घडवत बसेल? मागणी नाही, म्हणून माल नाही. माल नाही, म्हणून विश्वास नाही. हे चक्र कंपनीनं एकटीनं तोडायचं नसतं.

दुकानात गेलात की तीन प्रश्न विचारा. पुन्हा घडवलेला माल आहे का? कोणते भाग बदलले? गॅरंटी बिलावर लिहून देता का? एवढं विचारायला जीभ रेटत नसेल, तर पुढच्या वेळी पर्यावरणाचा निबंध लिहून माझी लाल शाई वाया घालवू नका.