तुळशीचे पाणी

पाण्याची किंमत मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पाणी भरायच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदी पुकारावी लागली होती.

अशा दिवसांत माळकरी घरात एक प्रश्न उभा राहतो. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येते, बागेला घालू नका म्हणून दवंडी असते. मग देवाला फुले कुठून आणायची? तुळस वाळली तर? आयाबाया हे विचारतात तेव्हा त्यात लबाडी नसते, जिव्हाळा असतो. म्हणून उत्तरही जपून द्यावे लागते.

नाथमहाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. रामेश्वराच्या अभिषेकासाठी वाहून आणलेली गंगेची कावड त्यांनी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. कीर्तनात आपल्या माना डोलतात, पण घरी आल्यावर ते गाढव काही ओळखू येत नाही! शेजारीण दोन घागरींसाठी पहाटेपासून टँकरपाशी उभी, आणि आपण देवाच्या नावाने जास्वंदीच्या आळ्यात नळी सोडून बसलो, तर ही कावड कुणाच्या तोंडी गेली? फूल नसेल तर नसो. विठोबाला तुळशीचे पान पुरते.

आणि त्या तुळशीला लागते तरी किती? तांब्याभर. देवाच्या स्नानाचे पाणी तिला घालायची रीत पुष्कळ घरी आहेच. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी बाकीच्या झाडांना द्यावे; साबणाचे मात्र मोरी धुवायला ठेवावे. उन्हे चढल्यावर घातलेले पाणी बरेचसे उडूनच जाते, तेव्हा पहाटे घालावे, आणि बुडाशी पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते.

अरणच्या सावतोबांचा विठ्ठल मळ्यातच होता. मळेकऱ्याला ठाऊक असते, पाट फुटला की पिकाचे पाणी वाटेतच मुरते. आपल्या घरचा फुटका पाट म्हणजे टाकीची गळकी तोटी. ती दुरुस्त होईपर्यंत रात्री तिच्याखाली तांब्या ठेवा आणि पहाटे काकड्याला उठलात की पाहा. तुळशीचे पाणी तिथेच साठलेले असेल.