हाक मारायला हवी



परदेशी शिकायला गेलेली मुलगी आईला फोनवर सांगते, "मी मजेत आहे." आईला काळजी नको, म्हणून सांगते. दुःख मात्र आतच राहतं. हाक मारायला हवी.

ब्रिटनमध्ये अशी हाक ऐकणारी समॅरिटन्स नावाची संस्था आहे. तिथे रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. पैसे पडत नाहीत. नावही सांगावं लागत नाही. पलीकडचा माणूस उपदेश करत नाही, ऐकतो. केवढा आधार आहे हा! आणि मराठीत बोलावंसं वाटलं, तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ कित्येक दशकं तिथे आहेच.

मदत मागण्यात कमीपणा नाही. हाक मारायला हवी.

तुमचं कुणी दूर असेल, तर आज फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारू नका. मन कसं आहे, तेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.