पुस्तकाचा मालक

एखादी वस्तू कायद्याने आपली झाली, की ती मोडण्याचाही हक्क आपल्याला मिळतो का? हा प्रश्न मनात आला, की मला एक फारसी हस्तलिखित आठवते. शाह तहमास्पचा शाहनामा.

शाहनामा हे महाकाव्य फारसी कवी फिर्दौसीने इ.स. 1010 च्या सुमारास पुरे केले. त्यानंतर शतकानुशतके इराणी राजांनी त्याच्या प्रती करवून घेतल्या. त्यांतल्या सर्वांत वैभवशाली प्रतींपैकी ही एक. 1520 नंतर तब्रीझच्या दरबारी चित्रशाळेत तिचे काम सुरू झाले आणि पुढची बरीच वर्षे चालले. इराणचा राजा तहमास्प 1524 मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. तो वाढत होता आणि त्याच्यासोबत हे पुस्तकही वाढत होते.

एकूण 759 पाने, 258 चित्रे. प्रत्येक पान सुमारे 47 सेंटिमीटर उंच आणि 32 सेंटिमीटर रुंद. समासाच्या कागदावर सोन्याचे बारीक कण शिंपडलेले. रंगीत रेघांच्या चौकटीत बोरूने लिहिलेले नस्तालीक अक्षर, आणि जागोजागी ती चौकट ओलांडून समासात शिरणारी झाडे, डोंगर, भाल्यांची टोके. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर, आका मीरक अशा चित्रकारांनी इथे हात चालवला. सुलतान मुहम्मदच्या एका चित्रात काव्यातला पहिला राजा गयूमर्स डोंगरमाथ्यावर बसला आहे. त्याचा दरबार बिबट्याची कातडी पांघरून भोवती जमला आहे. जरा निरखून पाहावे तर भोवतालच्या खडकांतूनही माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे उमटलेले दिसतात.

1568 मध्ये तहमास्पने हे पुस्तक उस्मानी सुलतान दुसऱ्या सेलीमला नजराणा म्हणून पाठवले. सेलीम नुकताच गादीवर आला होता आणि दोन्ही राज्यांतला तह टिकवायचा होता. उंटांच्या काफिल्यातून ते एदिर्नेला पोचले आणि पुढे इस्तंबूलच्या राजवाड्यात गेले. तिथे ते फार जपून ठेवले गेले. 1800 च्या सुमारास तिसऱ्या सेलीमच्या पदरच्या एका अधिकाऱ्याने चित्रांवर संरक्षक कागद घालून त्यांवर प्रत्येक प्रसंगाचा गोषवारा तुर्की भाषेत लिहिला. ज्यांच्या भाषेतले हे काव्य नव्हते, त्यांनीही ते समजून घेण्याचे कष्ट घेतले. पुढे ते इस्तंबूलबाहेर गेले. 1903 मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात ते मांडले गेले तेव्हा ते बॅरन एडमंड द रॉथ्सचाइल्ड यांच्या मालकीचे होते. राज्ये बुडाली, देश बदलले, भाषा बदलल्या, तरी पुस्तक अखंड राहिले.

1959 मध्ये ते अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटन यांनी विकत घेतले. हे गृहस्थ पुस्तकांचे वैरी नव्हते. हार्वर्ड विद्यापीठातले दुर्मिळ ग्रंथांचे ग्रंथालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले आणि आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच माणसाने या पुस्तकाची बांधणी उसवली. 1970 मध्ये 78 चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. 1976 मध्ये लंडनला ख्रिस्तीजच्या लिलावात काही पाने विकली. पुढेही विक्री होत राहिली. 1990 मध्ये हॉटन वारले, तेव्हा 118 चित्रे, मजकुराची उरलेली पाने आणि रिकामी झालेली बांधणी मागे होती. 1994 मध्ये हा ऐवज इराणला मिळाला. बदल्यात इराणने तेहरानच्या संग्रहालयातले विलेम द कूनिंग या चित्रकाराचे एका स्त्रीचे चित्र दिले. हा सौदा व्हिएन्नाच्या विमानतळावर झाला. बाकीची चित्रे आज जगभर विखुरली आहेत. गयूमर्सचा दरबार टोरोंटोच्या आगा खान संग्रहालयात आहे. 2022 मध्ये यातले एक पान लंडनला 80 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले.

कोणी म्हणेल, पाने विखुरली म्हणून तर ती हजारो लोकांना पाहायला मिळाली. या म्हणण्यात तथ्य आहे, मला ते नाकारायचे नाही. पण अशा पानाच्या पाठीलाही मजकूर असतो आणि तो पुढच्या पानावर चालू राहतो. चौकटीत घालून भिंतीवर लावले, की चित्र लोकांकडे पाहते आणि गोष्ट भिंतीकडे तोंड करून उभी राहते. एका चित्रातून दुसऱ्यात चित्रकारांचा हात कसा बदलत गेला, तरुणपणीचा जोश कसा संयमात उतरला, हे सलग पाने उलटताना जसे उमगते, तसे वेगवेगळ्या शहरांत टांगलेल्या चित्रांतून उमगत नाही. प्रत्येक पान शाबूत आहे. तरीही पुस्तक राहिलेले नाही.

हॉटन यांनी कायदा मोडला नाही. पुस्तक त्यांचे होते. पण सोळाव्या शतकातल्या कारागिरांनी जे एकत्र बांधले आणि चारशे वर्षे एवढ्या लोकांनी जे एकत्र जपले, त्यावर एका माणसाचा हक्क किती? माझ्या मते, ते वापरण्याचा, वाचण्याचा, दाखवण्याचा आणि पुढे सोपवण्याचा, एवढाच. आपल्याआधी ते कोणाचे तरी होते आणि आपल्यानंतर कोणाचे तरी होणार आहे. मधला काळ तेवढा आपला.

हा विचार फक्त राजेरजवाड्यांच्या ग्रंथांपुरता नाही. आपल्याकडे अनेक घरांत माळ्यावर, देवघराच्या फडताळात रुमालात बांधलेली पोथी असते, मोडीतले दप्तर असते, आजोबांची वही असते. आपल्या पोथ्यांची पाने तर मुळातच सुटी. वाटणीच्या वेळी चार भावांत ती वाटली जातात, एखादे रंगीत चित्र चौकटीत घातले जाते, उरलेली पाने रद्दीत जातात. तुमच्या घरी असे काही असेल, तर आज ते उघडून पाहा. पानांचा क्रम मोडू नका. ते कोणी लिहिले, घरात कोणाकडून आले, हे ठाऊक असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. सांभाळणे जमणार नसेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुनी कागदपत्रे जपणाऱ्या संस्थेशी बोला. आणि द्याल तेव्हा सगळेच्या सगळे एकत्र द्या.