घरचा नियम कोणासाठी?

बदलीच्या नोकरीत घर नावाची वस्तू फार थोड्या गोष्टींवर उभी असते. भिंती सरकारी असतात, शेजार तीन-चार वर्षांपुरता असतो, मुलांच्या शाळा बदलतात आणि रस्त्यावरची भाषाही बदलते. या साऱ्या उलथापालथीत सामानाच्या ट्रंकांबरोबर जे न चुकता सोबत येते, ते म्हणजे घरचे रीतिरिवाज. कोणाच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती होते, कोणाच्या घरी गणपतीचा दीड दिवस चुकत नाही. आमच्या ख्रिस्ती घरात रात्रीच्या जेवणापूर्वी कौटुंबिक उपासना होते. पवित्र शास्त्रातील एक उतारा, ‘उपासना संगीता’तील एक गीत आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, एवढाच तिचा क्रम. नगरकडे आजोबांच्या घरी ती मराठीत होत असे. दिल्लीच्या क्वार्टरमध्येही ती मराठीतच होते.

या नियमाचा मला अभिमान होता. गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळी त्या अभिमानाला तडा गेला. मुलगा खेळून दहा मिनिटे उशिरा आला म्हणून मी त्याला, जरूर होते त्याहून अधिक, बोललो. उपासना सुरू झाली आणि गीताच्या मध्येच माझा मोबाइल वाजला. संसदेतील एका प्रश्नाच्या उत्तराची फाईल सकाळी हवी होती. मी उठून बाहेर गेलो तो पंधरा मिनिटांनी परतलो. तिघेही तशीच बसली होती. नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, उशीर झाला की फक्त दादालाच रागवायचं का?” मी म्हणालो, “मोठ्या माणसांना कामं असतात.” मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली. आपण इतरांना जशी क्षमा केली तशी देवाने आपल्याला करावी, असे मागण्याचे स्थळ आले, तेव्हा मुलगा गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. आईबापांनी मुलांना धर्माच्या सवयी लावाव्यात, हे त्यांचे कर्तव्य की मुलांवरील अतिक्रमण?

पहिला आक्षेप असा की, घड्याळाच्या ठोक्यावर केलेली प्रार्थना यांत्रिक होते. हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. आई रोज प्रेमाच्या भरतीतच पोळ्या लाटते असे नाही. काही दिवस ती केवळ कर्तव्य म्हणून लाटते, आणि तरीही मुलाच्या पोटात जाते ते अन्नच असते. भावना येते-जाते; ती परत येईल तेव्हा तिला जागा मोकळी सापडावी, एवढे काम सवय करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाला न विचारता त्याला विश्वास का द्यावा? यावर कोणी म्हणेल, मातृभाषा तरी आपण कोठे विचारून देतो? काही न देणारा बापही मुलाला काहीतरी देतोच. या गोष्टींना किंमत नाही, हा धडा तो देतो. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. कारण विश्वास पुढे एक दिवस ज्याचा त्याने स्वीकारावा किंवा नाकारावा लागतो. ख्रिस्ती मंडळ्यांनीही हे ओळखले आहे. काही पंथ तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात, पण जाणत्या वयात त्याच्या तोंडून पुन्हा कबुली घेतात. बॅप्टिस्टांसारखे पंथ तो स्वतः मागेपर्यंत थांबतात. पद्धती निराळ्या असल्या तरी मुलाच्या स्वतःच्या शब्दाला जागा दोन्हीकडे आहे. तेव्हा खरा प्रश्न सवय लावावी की नाही हा नसून, ती कशी लावावी हा आहे.

ती कशी लावू नये, याचे उदाहरण इंग्रज लेखक एडमंड गॉस याने आपल्या ‘फादर अँड सन’ या १९०७ सालच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्याचे वडील फिलिप गॉस हे नावाजलेले निसर्गशास्त्रज्ञ आणि अत्यंत कडव्या पंथाचे अनुयायी. गोष्टींची पुस्तके घरात वर्ज्य होती. नाताळ हा मूर्तिपूजकांचा सण, म्हणून तोही वर्ज्य. १८५७ च्या नाताळात स्वयंपाकघरातील नोकरांनी गुपचूप एक लहानसे पुडिंग केले आणि आठ वर्षांच्या एडमंडला त्यातील तुकडा दिला. मुलाचे पोट दुखू लागले, मनही खाऊ लागले, आणि त्याने वडिलांपाशी कबुली दिली. वडील त्याचा हात धरून स्वयंपाकघरात धावले आणि उरलेले पुडिंग त्यांनी राखेच्या ढिगाऱ्यात कालवून टाकले. पुढे हा मुलगा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये कनिष्ठ नोकरीस लागला, तेव्हा त्याच्या आत्म्याचा हिशेब मागणारी वडिलांची पत्रे येत राहिली. अखेर मुलाने वडिलांचा धर्म सोडला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. फिलिप गॉस दांभिक नव्हते. जो नियम मुलाला, तोच त्यांनी स्वतःलाही लावला होता. मग उणे कशात होते? त्या घरात प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच बाजूला होता. बाप तपासणी करी आणि मूल उत्तर देई.

याच्या शेजारी सुझाना वेस्ली या माउलीचे घर ठेवून पाहावे. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि गीतकार चार्ल्स वेस्ली यांची ही आई. तिला एकोणीस मुले झाली, त्यांपैकी दहा जगली. तिची शिस्त आज आपल्याला कठोर वाटेल. मुलाचा हट्ट लहानपणीच मोडला पाहिजे, असे ती मानी आणि छडीचे भयही तिला वर्ज्य नव्हते. परंतु त्याच घरात तिने आठवड्याची प्रत्येक संध्याकाळ मुलांना वाटून दिली होती. त्या वेळी एकेका मुलाशी ती निवांत बोलत बसे. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. जॉन मोठा होऊन ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झाला, तेव्हा त्याने आईला लिहिले की, गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडा वेळ तू अजूनही माझ्यासाठी काढ. तिशीच्या उंबरठ्यावरील विद्वान मुलाला आईपाशी मागावेसे वाटले ते तिच्या शिस्तीचे वेळापत्रक नव्हे. जिथे आपले म्हणणे कोणी ऐकून घेई, ती वेळ.

आपल्याकडचे उदाहरण मराठी वाचकांस ठाऊक आहेच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या त्याही आपले सोवळे घेऊन. एकाच घरात त्यांचा स्वयंपाक वेगळा शिजत असे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून. ही गोष्ट पतिपत्नींची आहे, मुलांची नव्हे, हे खरे. तरीही ज्या घरात वेगळ्या चुलीला जागा होती, त्याच घराने पुढे मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी त्याच्या स्वतःच्या भाषेतील भजने दिली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात मुलांना आज्ञापालन सांगितले आहे. तो भाग आपण बाप मंडळी आवडीने वाचून दाखवतो. लगेच पुढे त्याने बापांनाही बजावले आहे की, मुलांना चिडीस आणू नका. ज्या रोमन जगात मुलावर बापाची सत्ता जवळजवळ अमर्याद होती, त्या जगात हे वाक्य लिहिले गेले. त्याचा अर्थ मला आता असा वाटतो की, घरचा नियम बापाच्या हाती दिलेला नसून बापाच्या डोक्यावर ठेवलेला आहे. ज्या नियमाचा दाखला घेऊन मूल बापाला जाब विचारू शकते, त्यालाच परंपरा म्हणावे. बाकीचा केवळ हुकूम. माझ्या मुलीने त्या संध्याकाळी विचारलेला प्रश्न हा उपासनेचा भंग नव्हता. इतक्या वर्षांच्या उपासनेला आलेले ते पहिले फळ होते.

त्याच रात्री मी मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. दुसऱ्या दिवसापासून उपासनेच्या वेळी मोबाइल स्वयंपाकघरातील पिठाच्या डब्यावर राहतो. त्यापायी एकदा सकाळी कार्यालयात ऐकूनही घ्यावे लागले. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. मध्यंतरी त्याने सांगितले की, गीत म्हणावेसे वाटत नाही. मी क्षणभर आजोबांच्या आवाजात उत्तर देणार होतो, मग म्हणालो, “नको म्हणूस. बस मात्र आमच्याबरोबर.” तो बसतो. काही दिवस म्हणतो, काही दिवस म्हणत नाही. पुढे तो काय ठरवील हे मला ठाऊक नाही, आणि ते ठरवणे माझ्याकडे नाही, हे मान्य करणे अजूनही मला जड जाते.