बालवाचक आणि भयकथा

मुलांच्या हाती भुताखेतांच्या गोष्टी द्याव्या की नाही, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो, आणि बहुधा नकारार्थीच निकालात निघतो. अशा वाचनाने मूल भित्रे होते, हा एक आक्षेप. त्याच्या मनात अंधश्रद्धा रुजते, हा दुसरा. दोहोंचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

पहिला आक्षेप आम्हांस फारसा बळकट वाटत नाही. भय मुलास पुस्तकातून मिळत नाही. अंधारात, आजारात, आई दृष्टीआड होण्यात ते त्याला आधीच भेटलेले असते. गोष्ट त्या निराकार भयाला आकार देते, आणि गोष्ट म्हटली की तिला शेवटही असतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ खाऊन टाकणार असतो. म्हणून ही गोष्ट ऐकून कोणती पिढी भ्याड निपजली? रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी 'अलबत्या गलबत्या' या नाटकात मुलांपुढे चेटकीण उभी केली आणि मुलांनी तिला डोक्यावर घेतले. याच लेखकाने प्रौढांसाठी गूढकथाही लिहिल्या. परंतु दोन्ही ठिकाणी भयाची मात्रा एक ठेवली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. तथापि कथाकार आणि भोंदू यांत एक भेद आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आपल्या वाचकाकडून पुस्तक मिटेपर्यंतचाच विश्वास मागतात. भोंदू जन्माचा विश्वास मागतो, आणि वर दक्षिणाही घेतो. गोष्ट ही गोष्ट आहे, हे ज्याला लहानपणीच उमगले, तो 'खरी घडलेली हकीकत' म्हणून सांगितलेल्या चमत्काराकडे अधिक सावधपणे पाहील, असे आम्हांस वाटते.

मात्र एक प्रकार आम्ही सर्वथा त्याज्य मानतो. जी कथा गावाकडेच्या एकाकी म्हातारीवर, विधवेवर किंवा एखाद्या जातीजमातीवर करणीचा संशय घ्यायला शिकवते, ती मुलाला भित्रे नव्हे, निर्दय करते. डाकीण ठरवून बायकांचा छळ झाल्याच्या घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत. तेव्हा कथेत भय किती, यापेक्षा ते कोणाच्या माथी मारले आहे, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे.

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. दारू मुळात स्फोटकच. प्रमाण चुकले तर ती करणाऱ्याचाच जीव घेते. पण तीच मापाने भरली, तिला वात लावली आणि पेटवताना कोणी जाणते माणूस जवळ उभे राहिले, तर दिवाळीच्या रात्री पोरे टाळ्या पिटतात. म्हणून कोणी दिवाळी बंद करीत नाही, आणि दारूचे पोतेही मुलाच्या स्वाधीन करीत नाही. भयकथेसही हाच न्याय लावावा. पुस्तक आपण आधी वाचावे, मग मुलास द्यावे, आणि रात्री त्याने हाक मारली तर ओ देण्याइतके जवळ असावे.