तेहतीस टक्क्यांवरचं पोकळ टिंब

अकरावीला पीसवाइज फंक्शन शिकवताना मी दरवेळी इन्कम टॅक्सचा आलेख काढतो. आलेखावरून सूत्र लिहायचं तर रेषा कुठे वळते, कुठे तुटते ते आधी हेरायचं, प्रत्येक तुकड्याचं समीकरण वेगळं मांडायचं आणि टोकाचं टिंब भरीव की पोकळ हे बघून ते टोक कोणत्या तुकड्यात धरायचं ते ठरवायचं. पोरं टिंबाशीच अडतात.

२०२५-२६ च्या नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. पुढे एक रुपया वाढला की एकदम ६०,००० बसले असते, पण तिथे सवलत आहे: वर जेवढे रुपये, तेवढाच कर. सुमारे १२,७०,५८८ ला ही रेषा १५ टक्क्यांच्या नेहमीच्या रेषेला मिळते. उपकर सोडला तर १६ लाखांपर्यंत तीन तुकडे: ०, क्ष − १२ लाख, आणि ६०,००० + ०.१५ (क्ष − १२ लाख). एकमेकांना नीट चिकटलेले.

दुसरा एक आलेख मी फळ्यावर काढत नाही. आडव्या अक्षावर पिकाचं नुकसान टक्क्यांत, उभ्या अक्षावर हेक्टरी मदत. आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत ३३ टक्क्यांच्या आत शून्य. ३३ आणि वर कोरडवाहूला ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. खालच्या रेषेच्या टोकाला पोकळ टिंब, वरच्या रेषेच्या सुरुवातीला भरीव. २०१५ पूर्वी हीच तूट ५० टक्क्यांवर होती. धड्याला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही, आणि समोर तर जिंतूर, सेलू, मानवतकडची सोयाबीनवाल्यांची पोरं बसलेली.

मग काढत का नाही? वर्गात राजकारण नको, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. माझं करपात्र उत्पन्न त्या १२ लाखांच्या काठाशीच घुटमळतं. तो आलेख माझ्या सोयीचा आहे. आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे.

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. आमच्या रानात पाणी धरलेल्या तासांतलं सोयाबीन पिवळं पडलं. झाड उपटलं की मुळं काळी, कुजकी. बांधाकडच्या उंचवट्यावर मात्र हिरवंगार. पंचनाम्याला आलेल्यांनी यावरून एक आकडा लिहायचा! तो ३३ च्या वर असावा, एवढंच माझ्या मनात होतं. शेजाऱ्याच्या बांधावर किती लिहिले, हे विचारायचं सुचलंही नाही. रान रेषेच्या अलीकडे पडेल अशी भीती असते तेव्हा ती रेषा मला अन्याय वाटते, पलीकडे पडलं की निकष.

रेषेची बाजूही मला ठाऊक आहे. उतार ठेवला तर टक्कान् टक्का मोजावा लागेल, आणि नजरअंदाजाने २७ आणि २८ कोण वेगळे करणार? पायरीला निदान एकच निवाडा पुरतो. स्टाफरूममध्ये या रेषेचा विषय निघाला की मी गप्प बसतो तो मात्र या विचाराने नव्हे, मदत खात्यावर जमा झाली म्हणून.

तरी पगारदाराच्या काठाला उतार आणि शेतकऱ्याच्या काठाला कडा, हे बरोबर नाही. २० टक्क्यांपासून तीन-चार टप्पे नजरेनेही ठरवता येतात. नवे निकष ठरताना हे आपण पगारदारांनीच मांडायला हवं. शेतकरी तर बोलतोच आहे.