अव्यक्ताची उपासना आणि टाकलेले उत्तर

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा मंगलश्लोक असा श्लेषपूर्ण रचलेला आहे की, त्यातील विशेषणे सांख्यांच्या अव्यक्ताला, ईश्वराला आणि अज्ञात राशीच्या गणिताला सारखीच लागू पडतात, आणि हे केवळ शब्दचातुर्य आहे असे मला वाटत नाही. जे दिसत नाही त्याचे अस्तित्व आधी गृहीत धरावयाचे, त्याला ‘यावत्तावत्’ असे नाव द्यावयाचे, आणि त्याच्याविषयी जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच दोन पक्षांत मांडून त्याला व्यक्त करावयाचे, ही रीत श्रद्धेच्या रीतीहून फार दूरची नाही.

त्यांच्या ग्रंथातील वानरांचे उदाहरण पाहावे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले, तर कळप केवढा? श्रीधराचार्यांच्या रीतीने दोन्ही पक्षांना वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने गुणून त्यांत अव्यक्ताच्या गुणकाचा वर्ग मिळविला की पूर्णवर्ग साधतो, आणि उत्तरे दोन येतात : ५० आणि ५. दोन्ही समीकरणात चोख बसतात. परंतु पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन वानरे वजा कशी व्हावीत? ऋण झालेल्या व्यक्त राशीवर लोकांची प्रतीती बसत नाही, असे कारण देऊन आचार्य पाचाचा त्याग करतात, पण ते उत्तर लपवीत नाहीत. ग्राह्य काय हे प्रश्नाच्या अर्थावरून ठरते, आणि अर्थ पाहणारी बुद्धी समीकरणाच्या बाहेर उभी असते. शास्त्रवचनाचे अनेक अर्थ व्याकरणाने सिद्ध होत असता त्यांतला कोणता आचरावा, या धर्मविचारातील जुन्या पेचाशी याचे सख्खे नाते आहे.

पुढे रीतही संपते. अव्यक्ताच्या चतुर्घातातून त्याच्या वर्गाची दुप्पट आणि अव्यक्ताची ४०० पट वजा केली असता ९,९९९ उरतात, असे एक उदाहरण आचार्य देतात. दोन्ही पक्षांत वर्गाची चौपट, अव्यक्ताची ४०० पट आणि एक मिळविला म्हणजे दोहोंची मुळे निघतात आणि उत्तर ११ येते. पण नेमके हेच मिळवावे, हे कोणत्याही सूत्रात नाही, ते बुद्धीला सुचावे लागते. युरोपात सोळाव्या शतकात तृतीय व चतुर्थ घाताची सूत्रे सापडली. पंचमघाताच्या सर्वसाधारण समीकरणास मात्र चार मूलक्रिया आणि मूळ काढणे एवढ्याच साधनांचे सूत्र असूच शकत नाही, हे आबेल या नॉर्वेच्या तरुणाने १८२४ साली सिद्ध केले. तरीही अशा प्रत्येक समीकरणास मूळ असतेच, हेही सिद्ध आहे. अस्तित्व निःसंशय, आणि तेथवर नेणारा एकच राजमार्ग मात्र नाही; ईश्वरविचारात ज्यांना या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, त्यांनी या सिद्धान्तापाशी थोडे थांबावे.

हा सारा विचार आमच्या मुलखाला परका नाही. निफाडहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव लागते. त्याजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाच्या उत्पन्नाचा हिस्सा मठाला दिल्याची नोंद त्यात मराठीत कोरलेली आहे. बाजाराच्या जकातीतून बीजगणिताचे अध्ययन चालावे, ही व्यवस्था ज्या राज्याला सुचली त्याच्याविषयी मला मोठा आदर वाटतो. खुद्द निफाडात १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी आपली श्रद्धा ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ म्हणून मांडली. या तालुक्यातील शाळांत वर्गसमीकरण शिकविताना टाकून दिलेले उत्तर फळ्यावरून लगेच पुसू नये, ते का टाकले हे मुलांना त्यांच्याच शब्दांत लिहावयास सांगावे, असे मला मनापासून वाटते.